बहीण सहाव्या महिन्यात भट्टीवर चाललीय, तिचं कार्ड तिकडे चालेल का?

डोंगरवाडीचा यांचा प्रश्न

नमस्कार. मी सुधागड तालुक्यातल्या एका कातकरवाडीवर राहतो. बारावी झालोय, खोपोलीला एका गोदामात कामाला जातो. वाडीवर बारावी झालेला मी दुसरा, म्हणून कागद आला की सगळे माझ्याकडेच घेऊन येतात. पण या वेळी मलाच काही उमजत नाही, म्हणून इथे विचारतोय.

माझी लहान बहीण सहाव्या महिन्यात आहे. वय 21. गणपतीच्या आधी भावजींनी मुकादमाकडून तीस हजार उचल घेतली. सासऱ्याचं आजारपण होतं, घरावर पत्रे टाकायचे होते. तुळशीचं लग्न झालं की ट्रक येतो. या वर्षी घाटावर, पुणे जिल्ह्यात वीटभट्टी आहे. परत येणं थेट मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर.

दोन वर्षांपूर्वीही ती अशीच गेली होती. पहिलं बाळंतपण भट्टीवरच्या खोपटात झालं. मुलगा होता. तिसऱ्या दिवशी गेला. त्या रात्री त्याला जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे आधी कार्ड मागितलं, आधार मागितलं, मग सांगितलं की मोठ्या दवाखान्यात न्या. कार्ड इथे घरी पत्र्याच्या पेटीत राहिलं होतं. सकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

आता आशाताईंनी तपासलं तर रक्त (हिमोग्लोबिन) 7.8 आहे. गोळ्या दिल्यात, पण बहीण म्हणते तोंडाला चव राहत नाही आणि शी काळी होते, म्हणून तिने मधेच बंद केल्या होत्या. वाडीवर जनमन या सरकारी योजनेची दवाखान्याची गाडी येते, डॉक्टर असतात, चांगलं बोलतात. पण दिवाळीनंतर ती गाडी येईल तेव्हा आमच्या वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या, एवढंच उरलेलं असतं.

मला विचारायचं आहे की तिचं इथलं माता-बाल कार्ड तिकडे चालतं का? गोळ्या, इंजेक्शन, बाळंतपणाचे पैसे तिकडे मिळतात का? आणि तिला थांबवायचं म्हटलं तर उचलीचं काय करायचं?

चाकरमानी दादर

भाऊ, सरळ सांगतो, तिला पाठवूच नका. सरकार आज एवढं देतंय, फुकट बाळंतपण, फुकट औषध, रेशन, घर. आमच्या गावाकडेही बघतो, हे लोक घ्यायला पुढे येत नाहीत आणि मग दोष सरकारला देतात. एक वर्ष भट्टीवर गेली नाही तर काय होईल?

डोंगरवाडीचा

दादा, तुमचा हेतू चांगला असेल. पण भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते आणि ती जोडीला मिळते. नवरा गारा करतो, बायको विटा पाडते. एकट्या माणसाला मुकादम घेतच नाही, घेतला तरी उचल फिटत नाही. बहीण गेली नाही तर भावजींचं कामच जातं आणि तीस हजार डोक्यावर राहतात. इथे दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी संपली की हाताला काम नाही. नदीवर मासे, मुठे, कधी जंगलातलं थोडं लाकूड. त्यावर पाच माणसं किती दिवस काढणार? आणि घ्यायला पुढे येत नाही असं नाही. आम्ही पुढे येतो, तेव्हा कागद मागे राहिलेला असतो.

निवृत्त सेविका, रायगड

बाळा, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. मी 31 वर्षं याच जिल्ह्यात आरोग्य सेविका होते. 1988 ला लागले, 2019 ला निवृत्त झाले. माझ्या उपकेंद्राला सात कातकरवाड्या होत्या. त्यातल्या तीन वाड्यांना पावसाळ्यात ओढा ओलांडून जावं लागायचं.

आधी चाकरमानी भाऊंना सांगते. तुम्ही लिहिलंत ते मीही नोकरीची पहिली काही वर्षं म्हणत होते. एका बाईला मी सगळ्यांसमोर झापलं होतं, की तीन वेळा बोलावलं तरी लस घ्यायला येत नाहीस, तुला मुलाची काळजी आहे की नाही. ती काही बोलली नाही. मी दिसले की जंगलाच्या वाटेने निघून जायची. पुढचं मूल तिने घरीच जन्माला घातलं आणि नाळ पडून गेली तरी मला कळवलं नाही. नंतर समजलं, मी बोलावलं त्या तिन्ही तारखांना ती पेणच्या बाजूला भट्टीवर होती. तिची चूक काय, तर माझ्या रजिस्टरमध्ये तिचा पत्ता वाडीचा होता आणि ती त्या पत्त्यावर नव्हती.

सगळ्या योजनांचं दुखणं हेच आहे. योजना पत्त्यावर येते आणि कातकरी माणूस हंगामाबरोबर चालतो. योजना खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही, कारण मी दोन्ही काळ पाहिलेत. 2005 च्या आधी आशा नव्हत्या. वाडीवर कोण गरोदर आहे हे मला महिना-महिना कळायचं नाही. बैलगाडीतून बाई आणायचो. 2011 ला जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषध, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं बिनपैशाचं झालं. पुढे बाळ आजारी पडलं तर एक वर्षापर्यंत त्याचेही उपचार मोफत झाले. 2014 ला 108 नंबरची रुग्णवाहिका आली. हे छोटं नाही. बाया वाचल्या, मी मोजल्यात. पण ज्या बाया माझ्या हातून निसटल्या त्या जवळजवळ सगळ्या दिवाळी ते मे यातल्या. म्हणून शेवटची पंधरा वर्षं मी माझं सगळं काम गणपती ते दिवाळी या दोन-अडीच महिन्यांत कोंबायला लागले. ट्रक यायच्या आधी प्रत्येक गरोदर बाईचं रक्त, बीपी, लस, गोळ्या, आणि प्रत्येक पोराचं वजन. वरून आलेलं वेळापत्रक वेगळं असायचं. मी ते नंतर भरायची.

आता तुझ्या बहिणीचं बोलू.

कार्ड चालतं. देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं. त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदणीचा नंबर असतो, तो असला की तिकडच्या सेविकेला तिची आधीची नोंद सापडते. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढ. तो तुझ्या, तिच्या नवऱ्याच्या आणि आशाताईंच्या, अशा तिन्ही मोबाईलमध्ये असू दे. आणि मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत तिच्याजवळ. पेटीत ठेवायचं नाही. पण एक लक्षात ठेव, कार्ड नसलं तरी बाळंतीण बाईला किंवा तीन दिवसांच्या बाळाला सरकारी दवाखान्यातून परत पाठवायचं नसतं. मागच्या वेळी झालं ते चुकीचं झालं. त्यात तुमची चूक नव्हती, हे बहिणीला सांग. अशा बाया मनात धरून बसतात की कार्ड विसरले म्हणून मूल गेलं.

7.8 हे बरंच कमी आहे. गरोदरपणात 11 तरी हवं, 7 च्या खाली गेलं की जिवाचा धोका. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर अशा बाईच्या अंगात ते सोसायची ताकद नसते. शी काळी होते ती लोहाच्या गोळीनेच होते, त्याने काही बिघडत नाही, हे तिला नीट सांग. गोळी रात्री जेवल्यावर घेऊ दे, मळमळ कमी होते. आणि चहाबरोबर अजिबात नाही. भट्टीवर सकाळपासून कोरा चहाच पोटात असतो आणि चहा लोह अंगाला लागू देत नाही. गोळी आणि चहात दोन तासांचं अंतर, गोळीबरोबर लिंबूपाणी किंवा आवळा. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये, ती दुपारी.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, डॉक्टर स्वतः बघतात. जायच्या आधीची 9 तारीख चुकवू नकोस, तू सोबत जा. तिथे या गोष्टी तोंडाने मागायच्या: रक्त परत तपासा, बीपी बघा, सोनोग्राफीला कुठे जायचं ते सांगा, धनुर्वाताचे डोस झाले का बघा. आणि विचार, की आता दिवस कमी उरलेत तर गोळ्यांऐवजी शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येईल का. ते ठरवणं डॉक्टरांचं, पण विचारल्याशिवाय कधीकधी राहून जातं.

सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी झालीय का तिची? आपल्या कोकणातल्या आदिवासींमध्येही तो आजार आहे, नुसता विदर्भातला नाही. बोटातून थेंबभर रक्ताने पहिली चाचणी होते, मग पक्की. 1 जुलै 2023 ला केंद्राने त्याचं मोठं अभियान सुरू केलंय, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी व्हायची आहे. नवऱ्याचीही करून घ्या. दोघेही वाहक असले, म्हणजे आजार नसला तरी तो बाळाला देऊ शकत असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका बाळाला आजार होण्याचा असतो. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नाही, एवढं वाडीवर समजावून सांग. नाहीतर मुलीचं लग्न मोडतं.

पैशाचं थोडक्यात. सरकारी दवाखान्यात बाळंत झाली तर जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात 700 रुपये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या जिवंत अपत्याला 5,000, आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000. पहिल्या वेळी अर्ज भरला होता का, त्यावर तुमचं काय बसतं ते ठरेल, अंगणवाडीत विचार. खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे. हे काम ट्रक यायच्या आधीचं.

आणि माझं मत विचारशील तर, गेली तरी संक्रांतीला तिला परत आण. सहावा महिना आता, म्हणजे फेब्रुवारीत दिवस भरतील. संक्रांतीपर्यंत दोन महिने काम होतं, मुकादमाशी आधीच तसं बोलून ठेवायचं. बाळंतपण इथे आईजवळ, आणि ओळखीच्या दवाखान्यात. भट्टीवर असताना तिने डोक्यावर विटा वाहायच्या नाहीत, पाडायचं काम बसून करावं, मधे उठून पाणी प्यावं. हातापायाला, तोंडाला सूज, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं की मुकादमाला विचारत बसायचं नाही, 108 लावायची.

जाताना सोबत नाचणीचं पीठ, कुळीथ, आणि दोन किलो तरी सुकट-जवळा दे. घाटावर ते मिळणार नाही आणि मिळालं तर महाग. आपल्या माणसांना अंगाला लागतं ते हेच.

घाटावरची आशा

दादा, मी पुणे जिल्ह्यात आशा आहे. माझ्या गावाच्या शिवारात चार भट्ट्या आहेत, त्यातल्या दोनांवर रायगडचीच माणसं येतात. बाईंनी लिहिलंय ते अगदी खरं, फक्त या टोकाला काय होतं ते सांगते.

माझी यादी गावातल्या घरांची असते. भट्टीवरची खोपटी त्यात नसतात. पोलिओच्या वेळी मात्र भट्ट्यांची वेगळी यादी निघते, आम्ही प्रत्येक खोपटात जाऊन डोस पाजतो. तेव्हाच मला तिथल्या गरोदर बाया दिसतात, कधी आठव्या महिन्यात, कधी कडेवर आठ दिवसांचं. एका मागच्या जानेवारीत मला एक बाई अशी सापडली, सगळं अंग पांढरं पडलेलं. तिला विचारलं, गोळ्या खाल्ल्या का? म्हणाली गावाला दिल्या होत्या, संपल्या, इथे कोणाला विचारायचं ते माहीत नव्हतं. आमचं उपकेंद्र त्या भट्टीपासून दीड किलोमीटरवर होतं. तिला त्याचा रस्ता माहीत नव्हता, मला तिचं नाव माहीत नव्हतं.

म्हणून एक करा. पोचल्याच्या दिवशी भावजींना भट्टीचं लोकेशन पाठवायला सांगा आणि गावाचं नाव विचारून घ्या. मग तुमच्या आशाताईंनी तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून त्या गावच्या आशेचा नंबर मिळवायचा. एका आशेने दुसरीला फोन केला की काम होतं, अर्ज करून होत नाही. तिकडची आशा एकदा खोपटात येऊन गेली की मुकादमही जरा नीट वागतो, कारण त्याला कळतं की या बाईकडे कोणाचं तरी लक्ष आहे.

अंगणवाडीचंही तसंच. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर तिचं नाव इकडून तिकडे हलवता येतं, मग तिकडच्या अंगणवाडीतून आहार मिळतो. तुमच्या अंगणवाडीताईंना जायच्या आधीच सांगून ठेवा.

रोह्याचा वकील

उचलीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. उचल घेणं हा गुन्हा नाही, आणि तुमच्या भावजींनी काही वाईट केलेलं नाही. पण उचल दिली म्हणून बाईला दवाखान्यात जाऊ न देणं, घरी परत येऊ न देणं, तिच्या माणसांना अडकवून ठेवणं हे 1976 च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याखाली येतं. आदिवासी माणसाबाबत असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू शकतो. तक्रार प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. बहुतेक वेळा तक्रारीपर्यंत जावं लागत नाही. निघण्याआधी मुकादमाशी चारचौघांसमोर, सरपंच असले तर उत्तम, बोलून घ्या की ती संक्रांतीला परत येणार. किती उचल, हजारी दर किती, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. मुकादमाला लिहिलेल्याची भीती असते.

रेशन सोडू नका. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने कातकरींसारख्या आदिम जमातींच्या सगळ्या कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्या असा आदेश दिला होता, म्हणजे महिन्याला 35 किलो. तुमचं कार्ड साधं असेल तर तहसीलमध्ये अर्ज करा. आणि ते धान्य आता तिकडच्या दुकानातूनही अंगठा लावून उचलता येतं.

जनमनबद्दल. ही योजना 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली, देशातल्या 75 अतिअसुरक्षित आदिवासी गटांसाठी, 24,104 कोटींची तरतूद. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड असे तीन गट त्यात आहेत. फिरता दवाखाना त्याचाच भाग. ती गाडी वाडीवर येते याचं मला मनापासून समाधान आहे, कारण रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या यादीत नाही. शेजारच्या ठाणे-पालघरच्या अनुसूचित गावांना पेसा हा आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा आहे, ग्रामसभेच्या हातात थोडा निधी येतो. आपल्याकडच्या वाड्या मोठ्या ग्रामपंचायतीच्या एका कोपऱ्यात, मतं थोडी, आवाज थोडा. तेव्हा जे थेट गटाच्या नावाने येतं तेच पोचण्याची शक्यता जास्त. पण गाडी नोव्हेंबर ते मे भट्ट्यांवर जायला हवी, ही मागणी तुम्ही वाडीच्या सह्यांनी पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला द्या. कोणत्या वाडीची किती माणसं कोणत्या तालुक्यात जातात हे तुमच्याइतकं नीट कोणाला माहीत नाही. ती यादी सोबत जोडा. मसुदा मी लिहून देईन, पैसे लागणार नाहीत.

चाकरमानी दादर

जोडीला मजुरी मिळते हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी लिहिलेलं मागे घेतो. गोदामातून 9 तारखेला सुट्टी घेतल्यावर तुमचा रोज बुडत असेल तर सांगा, तो मी देतो.

डोंगरवाडीचा

सगळ्यांचे आभार. दादा, रोज बुडणार नाही, मी पाळी बदलून घेतली.

काल रात्री बहिणीला बाईंचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. कार्डाचं वाचलं तेव्हा ती उठून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. मग आई तिच्याजवळ जाऊन बसली. परत आल्यावर म्हणाली, ते परत एकदा वाच. मी परत वाचलं.

मुकादमाशी आज बोललो. आधी नाही म्हणाला. मग वहीवर लिहायचं म्हटल्यावर म्हणाला, संक्रांतीला आणा, पण हजारी दरातून दोन महिन्यांनंतर जोडीचं निम्मं कापणार. वकीलसाहेब, हे बरोबर आहे का ते सांगा, सही उद्या संध्याकाळी करायची आहे. वाडीतून जाणाऱ्यांची यादी काढायला बसलोय. आतापर्यंत 14 कुटुंबं झालीत, त्यांत चार गरोदर बाया आणि सहा वर्षांखालची अकरा पोरं. वरच्या आळीत अजून जायचंय. ज्या चार बाया आहेत त्यांनाही 9 तारखेला सोबत नेतो. पालीला जाणारी सकाळची एसटी साडेसातला फाट्यावर येते, आम्हाला वाडीवरून साडेसहाला निघावं लागेल. बाई, एवढ्या पाच जणींना एकदम नेलं तर डॉक्टर रागावणार नाहीत ना?

निवृत्त सेविका, रायगड

रागावणार नाहीत. सगळ्यांची कार्डं आणि आधार आदल्या रात्रीच एका पिशवीत घालून ठेव. तपासणीला दुपार होईल, प्रत्येकीला भाकर बांधून घ्यायला सांग. आणि माझा निरोप तुझ्या बहिणीला दे, की मी 9 तारखेला पालीला येते. दवाखान्याच्या दारातच असेन, हिरवं पातळ.